करार शिकाऊ उमेदवाराचा, काम मात्र पॅकिंगचे

प्रश्न : मी हिंगणघाट तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वय एकवीस. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर गेल्या जुलैपासून फरसाण आणि वेफर्स बनवणाऱ्या एका कारखान्यात एक वर्षाच्या करारावर शिकाऊ उमेदवार आहे. पहिले दोन महिने मेंटेनन्समध्ये शिकलो. दिवाळीची ऑर्डर सुरू झाली तेव्हापासून पॅकिंग लाइनवर बारा-बारा तास खोकी भरतो. खोक्यामागे दोन रुपये वेगळे मिळतात. डिसेंबरात मशीनमध्ये अडकलेले पाकीट काढताना उजव्या हाताची दोन बोटे भाजली आणि नऊ दिवस घरी राहावे लागले. सुपरवायझर म्हणतात, अप्रेंटिसला भरपाई नसते. दवाखान्यात त्यांनीच ‘घरी भाजले’ असे सांगायला लावले. विद्यावेतन वीस-पंचवीस तारखेला येते. मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे आहेत, शिवाय ‘मध्येच सोडल्यास एक लाख रुपये भरू’ असे पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर माझ्याकडून आणि बाबांकडून लिहून घेतले आहे. शिकाले गेलो अन् डबे भराले लागलो. घरचे म्हणतात सोडून दे. काय करू?

उत्तर : सर्वप्रथम, घरच्यांचा सल्ला मायेचा असला तरी आज तो मानू नका. उद्यापासून कामावर जाणे बंद करू नका आणि राजीनामा म्हणून कोणत्याही कागदावर सही करू नका. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, 1961 च्या कलम 7 नुसार तुमचा करार मुदत पूर्ण झाल्यावर संपतो, आणि त्याआधी संपवायचा असेल तर मालकाने किंवा तुम्ही शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याकडे) तसा अर्ज करावा लागतो. आजवर करार मोडल्याचा दोष कारखान्याच्या बाजूला आहे. तुम्ही न सांगता घरी बसलात तर तो तुमच्या बाजूला सरकेल.

आता कायद्याच्या दृष्टीने तुम्ही कोण आहात ते पाहू, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. याच अधिनियमाचे कलम 18 म्हणते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि या अधिनियमात वेगळे म्हटले असेल तेवढे सोडून कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. म्हणूनच तुमचा भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) कार्डही तुमच्याकडे नसणार. गावात कोणीतरी सांगेल की करार नोंदलेला नसेल तर तू आपोआप कामगार ठरतोस. त्या भरवशावर राहू नका. उत्तर प्रदेश राज्य विद्युत मंडळ विरुद्ध शिव मोहन सिंह या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की केवळ नोंदणी झाली नाही म्हणून शिकाऊ उमेदवाराचा दर्जा बदलत नाही. तरीही नोंदणी तपासाच. पदविकाधारकांचे करार सहसा राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर नोंदले जातात; तिथे तुमच्या नावाने करार दिसतो का, त्यावर कोणत्या तारखा आणि कोणता विषय आहे, हे पाहून त्याची प्रत छापून ठेवा. तसा करारच नसेल आणि तुमच्याकडे फक्त तो स्टॅम्प पेपर असेल, तर प्रकरण वेगळ्या वाटेने जाईल. मग प्रत्यक्षात कोणते काम करून घेतले यावर तुमचा दर्जा ठरेल आणि वेतनाचा, निर्वाह निधीचा प्रश्न उभा राहील. खाली लिहिले आहे ते करार नोंदलेला आहे असे धरून.

कलम 18 कारखान्याला सोयीचे वाटते खरे, पण ज्या कायद्याने त्यांना तुम्हाला कामगार न म्हणण्याची सवलत दिली, त्याच कायद्याने तुमच्याकडून कामगाराचे काम करून घेण्यास मनाई केली आहे. कलम 9 आणि 11 प्रमाणे ठरलेल्या विषयाचे प्रशिक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कलम 13 नुसार शिकाऊ उमेदवाराला नगावर मोबदला देता येत नाही आणि उत्पादनाशी बांधलेल्या बोनस योजनेतही त्याला ओढता येत नाही. खोक्यामागचे दोन रुपये नेमके यात बसतात. ते तुम्ही घेतलेत म्हणून तुमचा दोष होत नाही, कारण मनाई मालकाला आहे. कलम 15 प्रमाणे जादा वेळ काम करून घ्यायचे असेल तर सल्लागाराची मंजुरी लागते, आणि ते काम प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचे आहे अशी खात्री पटल्याशिवाय त्याने ती द्यायची नसते. दिवाळीच्या चिवड्याची खोकी वेळेत ट्रकवर चढणे यांपैकी कशात बसेल, असे मला वाटत नाही. थोडक्यात, कारखान्याला दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही.

इथे एक सावधगिरी. पॅकिंग लाइनवर उभे राहणे हे मुळातच प्रशिक्षणाबाहेरचे आहे, असा युक्तिवाद करू नका. मशीनची जोडणी, एका वजनाच्या पाकिटावरून दुसऱ्यावर जाताना करावे लागणारे बदल, सीलिंगचे तापमान, धातुशोधकाची तपासणी हे सारे यंत्र अभियंत्याने शिकण्यासारखेच आहे, आणि कारखान्याचा वकील नेमके हेच सांगेल. तुमची तक्रार लाइनवर असण्याबद्दल नसून तिथे महिनोन्महिने हाताने खोकी भरण्याबद्दल आहे. हा फरक अर्जात नीट उतरला पाहिजे. त्यासाठी आजपासून रोजनिशी लिहा : तारीख, पाळी, आत-बाहेरची वेळ, कोणी कोणते काम सांगितले, मेंटेनन्सच्या माणसांबरोबर किती वेळ गेला. तंत्रज्ञ शिकाऊ उमेदवाराने रोजच्या कामाची नोंद ठेवावी अशी नियमांचीच अपेक्षा असल्याने त्यावर कोणाला हरकत घेता येणार नाही. गेल्या महिन्यांचे जे आठवते ते वेगळ्या पानावर लिहा आणि ‘आठवणीने लिहिले’ अशी नोंद करा.

‘अप्रेंटिसला भरपाई नसते’ हे विधान साफ चुकीचे आहे. कलम 16 प्रमाणे प्रशिक्षणाच्या दरम्यान आणि प्रशिक्षणामुळे झालेल्या अपघाती इजेची भरपाई मालकाने द्यायची असते. त्या कलमात कामगार नुकसानभरपाई अधिनियम, 1923 चा उल्लेख आहे. त्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली तरी मालकाची जबाबदारी संपलेली नाही. काम करण्याची असमर्थता तीन दिवसांहून अधिक टिकली की तात्पुरत्या असमर्थतेची भरपाई सुरू होते, आणि तुम्ही नऊ दिवस घरी होतात. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मागता येतो, म्हणून मेडिकल दुकानाच्या पावत्या सांभाळून ठेवा. रक्कम फार मोठी नसेल, हे आताच सांगतो. पण इजेची अधिकृत नोंद होणे तुमच्यासाठी रकमेपेक्षा महत्त्वाचे आहे, कारण पुढे बोट वाकण्यात काही दोष राहिला तर त्याच नोंदीवर दावा उभा राहील.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य ओझरते आले आहे, त्यावर मी थांबलो. मशीनचे पारदर्शक झाकण उघडले की ती आपोआप थांबावी यासाठी बसवलेला लिमिट स्विच ऑपरेटरने चिकटपट्टीने दाबून ठेवला होता, म्हणजे झाकण उघडे असतानाही पाकीट तापवून चिकटवणारे जबडे चालू राहत, असे तुम्ही लिहिता. सारा अपघात या चिकटपट्टीत आहे. कलम 14 मुळे कारखान्यातील आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी तुम्हाला कामगाराप्रमाणेच लागू आहेत, आणि यंत्राचे धोकादायक भाग झाकलेले ठेवणे हा त्यांतला पाया आहे. ‘मुलाने निष्काळजीपणे हात घातला’ असे कारखाना म्हणेल तेव्हा झाकणाचा स्विच कोणी आणि किती दिवसांपासून दाबून ठेवला होता, हाच आपला प्रश्न राहील. मात्र पुरावा हवा म्हणून आत मोबाइल नेऊन चोरून फोटो काढू नका. अन्नाच्या कारखान्यात उत्पादन विभागात मोबाइलला बहुधा बंदी असते, आणि कलम 17 प्रमाणे आस्थापनेचे शिस्तीचे नियम तुम्हालाही लागू आहेत.

त्यापेक्षा चांगला पुरावा कारखान्यातच पडून आहे. बोटांना निळी पट्टी लावून दुसऱ्या पाळीपर्यंत काम करायला लावले, असे तुम्ही लिहिले आहे. अन्नाच्या कारखान्यात पट्टी निळी असते ती मालात पडली तर उठून दिसावी म्हणून. पुष्कळदा तिच्यात धातूचा पातळ पत्रा असतो, म्हणजे धातुशोधकातही ती सापडते. अशा पट्ट्या मोजून देतात आणि कोणाला कधी दिली याची नोंद ठेवतात. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या विनियमांप्रमाणे जखम असलेल्या माणसाला अन्नाच्या संपर्कापासून दूर ठेवायचे असते, त्यामुळे ती नोंद कारखान्याच्या लेखापरीक्षणासाठीही गरजेची असते. तुमच्या नावापुढे डिसेंबरातली ती तारीख आणि ‘भाजणे’ असा शब्द असेल, तर ‘घरी भाजले’ ही गोष्ट तिथेच कोसळते. प्रथमोपचार नोंदवही आणि त्या दिवसाची हजेरी सल्लागाराने मागवावी, अशी स्पष्ट विनंती अर्जात करा.

दवाखान्यातल्या त्या खोट्या नोंदीबद्दल मात्र तुम्हाला मोकळेपणाने बोलावे लागेल. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन बोटे दाखवा, खरी हकिगत सांगा आणि केसपेपरवर ती लिहून घ्या. जुना कागद फाडू नका, त्यात खाडाखोडही करू नका. पहिल्या वेळी वेगळे का सांगितले, हे आपल्याच अर्जात लिहा. विरुद्ध पक्षाने तो कागद पुढे काढण्याआधी तुम्ही काढलेला केव्हाही बरा.

एक लाखाच्या कागदाने घरच्यांची झोप उडवली असावी, म्हणून हिशेब सांगतो. उमेदवाराच्या दोषामुळे करार मुदतीआधी संपला तर प्रशिक्षणाचा खर्च म्हणून किती वसूल करता येईल, हे नियमांनीच ठरवले आहे : शेवटच्या दराने तीन महिन्यांचे विद्यावेतन. तुमचे विद्यावेतन 8,000 रुपये आहे, म्हणजे सर्वांत वाईट स्थितीतही आकडा 24,000 चा. दोष मालकाचा ठरला तर तेवढीच रक्कम मालकाने तुम्हाला द्यायची असते. एक लाख हा आकडा या चौकटीत कुठेच बसत नाही, आणि भारतीय करार अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणेही कागदावर लिहिलेला दंड जसाच्या तसा मिळत नाही. वाजवी भरपाईच मिळते. बाबांची सही जामीनदार म्हणून असली तरी त्यांची जबाबदारी तुमच्या मूळ देण्याहून मोठी होत नाही. त्या कागदापोटी कोरा धनादेश मागितला तर मात्र देऊ नका. सही केलेला कोरा धनादेश स्वखुशीने दिला की तो देण्यापोटीच दिला असे न्यायालय गृहीत धरते, आणि ते खोडून काढण्याचे ओझे तुमच्यावर येते.

विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळायला हवे. बँकेच्या पासबुकाची प्रत जोडली की विलंब सिद्ध होतो. पदविकाधारकासाठी 8,000 रुपयांचा किमान दर 2019 च्या दुरुस्तीने आला आणि 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने 36 टक्के वाढीची शिफारस केली, तेव्हा देय महिन्यांना कोणता दर लागू होता हे सल्लागाराकडून तपासून घ्या. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही. त्या लेखी मागा आणि मागणीची पोच घ्या.

आता अर्ज कोणाकडे. अनेक मुले जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये हेलपाटे घालतात, पण पदविकाधारक तंत्रज्ञ उमेदवारांसाठी सल्लागार म्हणजे मुंबईचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ, पश्चिम विभाग. कराराच्या प्रतीवर योजनेचे नाव पाहून खात्री करा आणि अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. कलम 20 प्रमाणे करारातून निघालेला वाद सल्लागाराने सोडवायचा असतो. मागण्या क्रमाने लिहा : उरलेल्या महिन्यांत ठरलेले प्रशिक्षण, जादा वेळेवर बंदी, विद्यावेतन वेळेवर, गुणपत्रिका परत, अपघाताची नोंद आणि भरपाई. त्याखाली पर्यायी मागणी म्हणून कलम 5 लिहा, कारण मालकाला करार पाळणे शक्य नसेल तर तुम्ही, हा मालक आणि नवा मालक अशा तिन्ही बाजूंच्या संमतीने आणि सल्लागाराच्या मान्यतेने उरलेला काळ दुसऱ्या कारखान्यात पूर्ण करता येतो. हे मी मुद्दाम सुचवतो आहे. सात महिने गेले आहेत, पाच उरले आहेत, आणि प्रशिक्षण समाधानकारकपणे पूर्ण केल्यावर मंडळ जे प्रमाणपत्र देते ते अर्धवट सोडणाऱ्याला मिळत नाही. कायम नोकरीचा हक्क मात्र कलम 22 देत नाही, तेव्हा ‘वर्ष काढ, कायम करू’ हे तोंडी आश्वासन वजाबाकीत धरा.

अर्ज पोहोचताच कारखान्यातून बोलावणे येईल आणि बहुधा काही रोख रकमेबरोबर ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असा कागद पुढे केला जाईल. तो घरी आणून, वाचून, हिंगणघाटच्या तालुका विधी सेवा समितीतील वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. समितीकडे जाणे जमले नाही तर 15100 या क्रमांकावर विचारता येते. सल्लागाराचा निर्णय विरुद्ध गेला तर तो कळल्यापासून 30 दिवसांत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील करता येते, म्हणून निर्णयाचे पाकीट ज्या दिवशी हातात पडेल त्या दिवसाची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.