तीन विषयांचं संशोधन, अर्ज मात्र एकाच विभागात

प्रश्न: मी पर्यावरणशास्त्रात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शहरातल्या उष्णतेचा जास्त त्रास कुठल्या वस्त्यांना होतो, यावर पीएचडी करायची इच्छा आहे. त्यासाठी उपग्रहाची माहिती, घरोघरी सर्वेक्षण आणि मशीन लर्निंग हे तिन्ही लागेल असं वाटतं. अर्ज पर्यावरण विभागात करू, समाजशास्त्रात की संगणकशास्त्रात? कोडिंग मला जेमतेम येतं. घरचे म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवू नये, तू तर तिसरीही शोधतेयस.

उत्तर: घरच्यांची काळजी रास्त आहे. अशा संशोधनात प्रबंध अडकतो तो बहुतेकदा जोडावर. उपग्रहाचा पिक्सेल आणि घरातलं माणूस एकाच तक्त्यात आणताना जे घडतं, ते पर्यावरणवाल्याला सर्वेक्षणाचं काम वाटतं आणि समाजशास्त्रज्ञाला संगणकाचं. त्यामुळे ते कुणीच नीट तपासत नाही. तुम्ही निवडलेल्या विषयात हा जोड कसा निसटतो, ते आधी बघा. विभागाचं उत्तर त्यातूनच निघेल.

लँडसॅट 8 आणि 9 या उपग्रहांवरून जे तापमान मिळतं ते पृष्ठभागाचं असतं: छताचा पत्रा, डांबर, उघडी माती. माणसाच्या अंगाला लागते ती हवा, आणि उन्हाच्या वेळी या दोन्हींत बराच फरक असतो. त्यात हे उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी दहाच्या सुमारास वरून जातात, आणि प्रत्येक उपग्रह त्याच जागी 16 दिवसांनी परत येतो. रात्री घर निवत नाही, झोप लागत नाही, हा त्रास सकाळी दहाच्या चित्रात कुठून दिसणार? आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. उष्णतेची फाइल 30 मीटरच्या पिक्सेलमध्ये हातात पडते, पण तो सेन्सर मुळात 100 मीटरवरच मोजतो. मधला बारीकपणा गणिताने भरलेला असतो. म्हणून एकाच गल्लीतल्या दोन घरांची तुलना त्या फाइलवरून करू नका. मोडिस हा दुसऱ्या उपग्रहांवरचा सेन्सर रात्रीचंही तापमान टिपतो, पण त्याचा पिक्सेल सुमारे 1 किलोमीटरचा. त्यात उंच इमारती आणि पत्र्याची घरं एकत्र मिसळून जातात.

प्रश्न रात्रीच्या त्रासाचा असेल, तर घरांमध्ये तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं लावावी लागतील. ती डोक्याच्या उंचीवर, चुलीपासून आणि थेट उन्हापासून दूर लावायची, आणि दर 10 मिनिटांना नोंद घ्यायची. लावण्यापूर्वी सगळी यंत्रं दोन दिवस एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवा. त्यांच्यातला आपापसातला फरक तेव्हाच कळतो. नंतर कळून उपयोग नसतो.

आता फाइल उघडल्यावरची गोष्ट. लँडसॅटच्या दुसऱ्या संग्रहातल्या (कलेक्शन 2) तयार तापमान-फाइलीत थेट अंश नसतात, पूर्णांक असतात. त्यांना 0.00341802 ने गुणून 149 मिळवले की केल्विन मिळतं, आणि त्यातून 273.15 वजा केले की सेल्सिअस. जिथे माहितीच नाही तिथे फाइलीत 0 लिहिलेला असतो. तो आधी वगळला नाही तर सूत्रातून उणे 124 अंश बाहेर पडतात आणि गुपचूप वस्तीच्या सरासरीत मिसळतात. ढगांचंही तसंच. ढगाचा माथा थंड असतो, म्हणून ढगाखालची वस्ती नकाशावर सुखात दिसते. तिसरी चूक अंतराची: घराभोवती 500 मीटरचं वर्तुळ काढायचं असतं, पण नकाशा अक्षांश-रेखांशातच राहिलेला असतो, आणि काही सॉफ्टवेअर ते 500 अंश समजून चालतात. आधी नकाशा मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (प्रोजेक्शन) आणा. तुम्हाला लागणारं कोडिंग बरंचसं या पातळीचं आहे. पायथनमध्ये जिओपांडास आणि रास्टरिओ, किंवा आरमध्ये एसएफ आणि टेरा, नकाशांवर काम करणाऱ्या या तयार साधनांपैकी एकच जोडी धरा. रोज तास-दीड तास दिलात तर चार-पाच महिन्यांत हात बसतो. पहिल्या दिवसापासून गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, वापरा, कारण दोन वर्षांनी परीक्षक विचारतील तेव्हा तो आकडा कुठल्या कोडमधून आला हे दाखवावं लागेल.

सर्वेक्षणाची बाजू मात्र हलकी समजू नका. समजा 20 वस्त्यांतून प्रत्येकी 20, अशी 400 घरं घेतलीत. एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात. तो सारखेपणा (0 म्हणजे मुळीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.05 इतका जरी असला, तरी 1 + 19 × 0.05 म्हणजे 1.95 ने भागावं लागतं (19 म्हणजे वस्तीतली बाकीची घरं), आणि तुमची 400 घरं साधारण 205 इतक्याच वजनाची उरतात. घरं वाढवण्यापेक्षा वस्त्या वाढवणं इथे जास्त फळतं. आणि वस्तीच्या सरासरीवरून घराबद्दल बोलू नका. ही चूक किती दिशाभूल करते हे समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी 1950 मध्येच आकड्यांनिशी दाखवलं होतं.

मशीन लर्निंगमध्ये सर्वांत मोठा भ्रम अचूकतेचा. नोंदी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या विभागल्या, तर एका घराची नोंद शिकण्यासाठी जाते आणि शेजारच्या घराची तपासणीसाठी. शेजारी सारखेच असतात, त्यामुळे मॉडेल न शिकताही पास होतं. त्याऐवजी अख्ख्या वस्त्याच बाजूला ठेवून तपासा. अचूकता खाली येईल, पण तीच खरी.

घरांचे अक्षांश-रेखांश म्हणजे माणसांचे पत्ते. नैतिक समितीची मंजुरी पहिल्या मुलाखतीच्या आधी हवी, मागाहून मिळत नाही. अर्ज ते मंजुरी यात काही महिने जाऊ शकतात, ते वेळापत्रकात धराच. ठिकाणांची फाइल उत्तरांपासून वेगळी, कुलूपबंद ठेवा. नकाशा छापताना बिंदू सरकवा. डीएचएस या आंतरराष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातही शहरी बिंदू 2 किलोमीटरपर्यंत आणि बहुतेक ग्रामीण बिंदू 5 किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेले असतात. अशी तयार माहिती 30 मीटरच्या पिक्सेलला जोडणं म्हणजे काय, ते आता तुमच्या लक्षात येईल.

तर विभाग कुठला? तुमच्या प्रबंधातला नवा दावा कशाबद्दल आहे, ते पाहा. रँडम फॉरेस्टसारखी मशीन लर्निंगची तयार पद्धत वापरून संगणकशास्त्रात गेलात, तर परीक्षक विचारतील, पद्धतीत नवीन काय? त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, म्हणून त्या विभागावर काट मारा. उष्णता वस्तीपर्यंत कशी पोहोचते हा दावा असेल तर पर्यावरण किंवा भूगोल. तीच घरं का सोसतात, भाडं, कामाच्या वेळा, पाणी यांचा त्यात काय वाटा, हा असेल तर समाजशास्त्र. पत्रावरून तुमचा कल पहिल्याकडे दिसतो. माझा सल्ला: अर्ज पर्यावरण किंवा भूगोल विभागात करा आणि सहमार्गदर्शक समाजशास्त्रातले घ्या, सर्वेक्षण स्वतः केलेले.

खात्री नसेल तर अर्जापूर्वी 12 आठवड्यांचं एक छोटं काम करून बघा. एक शहर, एक उन्हाळा, आधीच उपलब्ध असलेलं एक सर्वेक्षण. पहिले दोन आठवडे प्रश्न एका वाक्यात बसवण्यात घालवा, पुढचे सहा जोड करण्यात, आणि उरलेले चार आठवडे चार पानांच्या टिपणात. कुठल्या आठवड्यात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, ते नोंदवून ठेवा. विभाग निवडताना ही नोंद गुणपत्रिकेपेक्षा उपयोगी पडेल.

दोन मार्गदर्शक असले की वाद बहुधा लेखावरून होतात. संगणकशास्त्रात परिषदेतला शोधनिबंध मानाचा, समाजशास्त्रात एकट्याच्या नावावरचा दीर्घ लेख. कुठे शेवटचं नाव प्रमुखाचं असतं, कुठे नावं वर्णानुक्रमे लागतात. कुठले लेख, कुणाचं नाव कुठे, प्रकरण कोण आणि किती दिवसांत वाचून देणार, हे पहिल्याच बैठकीनंतर ईमेलने लिहून दोघांनाही पाठवा.

मार्गदर्शकांना पहिलं पत्र पाठवाल तेव्हा 'मला मशीन लर्निंग वापरायचं आहे' इथून सुरुवात करू नका. एक वाक्याचा प्रश्न, चार पानांचं टिपण, कोडचा दुवा, आणि जोड करताना नेमकं काय अडलं त्याच्या तीन ओळी, एवढंच पाठवा.