घुमट आधी वाजू दे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि ध्वनिमुद्रण मिळाले. तू फोंड्यात, गिटारवाला पुण्यात, व्हायोलिनवाली लिस्बनला आणि मातीच्या भांड्याला कातडे ताणून केलेला आपला घुमट वाजवणारा साखळीत. अशा चौघांनी आपल्या घुमट आरतीच्या चालीवर गाणे बांधायला घेतले, याचा मला फार आनंद झाला. चौघेही सुरात असूनही गाणे रेंगाळते, हे तुझे म्हणणे खरे आहे, पण त्यात दोष कोणाच्याच हाताचा नाही.

व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवण्याचा हट्ट तेवढा सोड. गोव्याहून लिस्बन सरळ रेषेतच सुमारे ८ हजार किलोमीटरवर आहे आणि केबलमधल्या काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे तुझा ठोका तिच्या कानी पोहोचायलाच निदान ४० मिलिसेकंद लागतात; प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. हा उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की प्रत्येक जण दुसऱ्यासाठी किंचित थांबतो आणि लय ढिली पडत जाते. कॉल बोलण्यासाठी ठेवा. वाजवणे एकामागून एक होऊ दे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मेट्रोनोमच्या टिकटिकीवर आधी गिटार भरलीत आणि घुमट शेवटी बसवलात, तिथे गाणे अडले. आरती रंगते तशी तिची लय चढत जाते. टिकटिक काही चढत नाही. साखळीच्या मुलाला टिकटिकीशिवाय, तुझे गाणे मनात धरून, घुमट पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजवू दे आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून जावे. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, म्हणून मुद्रणाआधी त्याने ते शेकून घ्यावे. डाव्या तळव्याने मागचे लहान तोंड झाकताना-उघडताना जो घुमारा वळतो, तो टिपायला दुसरा माइक त्या बाजूला हवा. तुमच्या मुद्रणात नेमका तोच हरवला आहे आणि मला त्याची फार हळहळ वाटली.

फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह (WAV) स्वरूपात पाठवा. व्हॉइस नोटमध्ये आवाज दाबला जातो. प्रत्येकाने आरंभी मोजून चार टाळ्या द्याव्यात, म्हणजे जुळवणे सोपे जाते.

आणि चवथीला, गणपतीत, चौघेही घरी या. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून हे गाणे एकदा सलग वाजवा, तेवढ्यासाठी साधा मोबाइलही पुरेल, आणि घुमटाचे पक्के मुद्रण त्यानंतरच करा. व्हायोलिनवालीला तिकीट आताच काढायला सांग.

तुझा,
काका