परदेशातल्या पीएचडीचा अर्ज : वाचकांचे प्रश्न

दोन महिन्यांत चाळीस प्राध्यापकांना ईमेल केले. तीन उत्तरं आली, तिन्ही नकाराची. माझं काय चुकतंय?

तुमच्या ईमेलमधलं प्राध्यापकांचं नाव खोडून दुसऱ्या कुणाचं घालून बघा. तरीही मजकूर चपखल बसत असेल, तर दुखणं तिथंच आहे. ‘आपल्या कामानं मी भारावून गेलो’ हे वाक्य आम्ही प्राध्यापकांनी इतक्यांदा वाचलेलं असतं की नजर त्यावर थांबतच नाही. थांबते ती अशा ओळींवर : ‘तुमच्या लेखातल्या चौथ्या आलेखात कमी तापमानाला वाहकता अचानक घसरते. माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पातही असंच दिसलं होतं. तिथं दोष नमुन्याच्या कडांचा निघाला. तुम्ही हे तपासलंत का?’ तीन-चार वाक्यं, सोबत सीव्ही, बस्स. असे ईमेल दिवसाला दोनच लिहून होतात. होऊ द्यात.

दुसरं म्हणजे, निवड कोण करतं ते आधी बघा. जर्मनी, नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते. जागेची जाहिरात निघते आणि निवडीत त्या संशोधन गटाच्या प्रमुखाचा शब्द चालतो. अशा जागेसाठी जाहिरातीत सांगितलेल्या मार्गानंच अर्ज करा. अमेरिकेत अनेक विभागांत प्रवेश समिती ठरवते; मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत संपते. तिथं प्राध्यापकाला मनापासून घ्यायचं असलं तरी तुमचा अर्ज समितीपुढून जावाच लागतो.

माझा एकही शोधनिबंध छापून आलेला नाही. अर्ज करू का?

करा. न जमलेल्या प्रयोगाबद्दलही लिहा : काय बिघडलं, कसं शोधलं, पुढं काय बदललं. मुलाखतीत मी हेच विचारते. पाच जणांच्या निबंधात चौथं नाव असलेल्याला स्वतःचा वाटा सांगता येत नाही, तेव्हा मला निबंध नसलेला उमेदवार बरा वाटतो.

शिफारसपत्र विभागप्रमुखांचं घ्यावं, की प्रकल्पाला मार्गदर्शन करणाऱ्या तरुण शिक्षिकेचं?

शिक्षिकेचं. ‘विद्यार्थी मेहनती व शिस्तप्रिय आहे’ असं पत्र कितीही मोठ्या सहीचं असलं तरी कोरंच. मात्र त्यांना मुदतीआधी महिनाभर सांगा, आणि तुमचा सीव्ही नि प्रकल्पाचा सारांश हाती द्या.

दोन वर्षं जर्मनीत मास्टर्स करतोय, आता संपत आलंय. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधली (युरोपीय संघाच्या निधीवर अनेक देशांतल्या संस्था मिळून चालवतात ती पीएचडी योजना) तिथलीच एक जागा दिसली. चालेल?

नाही. रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले किंवा मुख्यतः तिथंच काम केलेले वा शिकलेले नसावे, अशी अट आहे. ती नागरिकत्वावर नव्हे, वास्तव्यावर आहे. त्याच नेटवर्कमधली दुसऱ्या देशातली जागा बघा. जर्मनीतच राहायचं असेल तर इतर निधीच्या जागा आहेतच, त्यांतल्या बहुतेकांना ही अट नसते.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची निधीसह ऑफर आलीय, दुसऱ्याचा निकाल बाकी आहे. लगेच होकार द्यावा लागेल का?

बहुतेक नाही. तिथली अनेक विद्यापीठं १५ एप्रिलच्या ठरावाला बांधील आहेत. निधीसह आलेल्या ऑफरवर त्या तारखेपर्यंत विचार करायला तुम्हाला मोकळीक असते. तुमचं विद्यापीठ त्यात आहे का, ते ऑफरच्या पत्रात बघा. मधल्या काळात त्या गटातल्या विद्यार्थ्यांशी बोला, प्राध्यापक समोर नसताना. मागच्या तिघांना पदवीला किती वर्षं लागली आणि मध्येच सोडून कोण गेलं, हे दोन प्रश्न नक्की विचारा.