वाचक विचारतात

प्रश्न : आमच्या गावी धानाची कापणी आटोपली की मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर झाडीपट्टीचे नाटक चालते. अशा नाटकांतून मी दोन हंगाम भूमिका केल्या आहेत. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या अमेरिकी मालिकेतील डॉ. क्रिस्टिना यांगचे काम मला फार आवडले. ही अभिनेत्री मूळची कुठली? या मालिकेनेच ती पुढे आली काय? माझ्या घरी मात्र नाटक सोडून डी.एड. करण्याचा आग्रह आहे.
— एक वाचक, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर : त्या अभिनेत्रीचे नाव सँड्रा ओ. कोरियातून कॅनडात स्थायिक झालेल्या आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म १९७१ मध्ये ओटावाजवळच्या नेपियन येथे झाला. आपल्या घरचा आग्रह त्यांच्याही घरी होता. पत्रकारितेच्या शिक्षणासाठी कार्लटन विद्यापीठाची चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळत असताना ती नाकारून त्या माँट्रियलच्या राष्ट्रीय नाट्यशाळेत दाखल झाल्या आणि १९९३ मध्ये तेथून शिकून बाहेर पडल्या. 'डबल हॅपिनेस' (१९९४) आणि 'लास्ट नाइट' (१९९८) या कॅनडातील चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा जिनी हा कॅनडाचा चित्रपट पुरस्कार दोनदा मिळाला. म्हणजे २००५ मध्ये आपली आवडती मालिका सुरू झाली, तेव्हा त्यांच्या पाठीशी दहा-बारा वर्षांचे काम होते.

त्या मालिकेसाठी त्यांना आधी डॉ. बेली यांच्या भूमिकेकरिता बोलावले होते. क्रिस्टिनाची भूमिका त्यांनी स्वतः मागून घेतली. पुढे दहा पर्वे काम करून २०१४ मध्ये त्या बाहेर पडल्या. यानंतरचा एक प्रसंग आम्हांला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांहून बोलका वाटतो. 'किलिंग ईव्ह' या मालिकेची संहिता हाती आल्यावर ती चाळताना आपली भूमिका कोणती, हेच त्यांना उमगेना. अखेर त्यांनी विचारले, तेव्हा ती नायिकेची, म्हणजे ईव्हचीच असल्याचे कळले. ज्या बाईने एकदा हक्काने भूमिका मागितली होती, तिलाही आशियाई चेहऱ्याला नायिकेचे काम मिळेल असे वाटू नये, इतकी सवय त्या व्यवसायाने लावली होती. याच भूमिकेसाठी २०१८ मध्ये नाट्यमय मालिकेतील प्रमुख अभिनेत्री म्हणून एमी या अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळवणाऱ्या त्या आशियाई वंशाच्या पहिल्या अभिनेत्री ठरल्या.

आता डी.एड.विषयी. त्याऐवजी पदवी पूर्ण करावी, असे आम्ही सुचवू. कारण दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास पदवी लागते आणि नाटकांतील प्रत्यक्ष अनुभवही लागतो. तो आपण कमावतच आहात. आपले नाव छापलेली नाटकांची पत्रके रद्दीत जाऊ न देता आतापासून एका फाइलीत लावून ठेवावीत.