आजोबांच्या वेब्लीची कमान तुटली तर

तुमचं वाचलं. आजोबांची .३२ ची वेब्ली (जुनी इंग्रजी रिव्हॉल्व्हर), आता वडिलांच्या लायसन्सवर चढलेली, बरीच वर्षं कपाटात पडून होती, आता काढली तर घोडा लुळा पडलाय, चाप दाबला की परत येत नाही, आणि एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला म्हणतोय आणा हो, स्प्रिंगच तर आहे, दोन तासांत देतो करून. (घोडा म्हणजे मागचा आपटणारा हॅमर बरं का, मुंबईत पिस्तुलाला म्हणतात तो "घोडा" नाही.)

आधी त्या लेथवाल्याला नको म्हणून सांगा. १९५९ च्या आर्म्स अॅक्टचं कलम ५ बघा, बनवणं, विकणं यांच्याच रांगेत तिथं दुरुस्ती पण आहे, म्हणजे लायसन्स नसलेल्याने नुसती कमान, म्हणजे स्प्रिंग, बसवून दिली तरी तो अडकला आणि त्याच्यासोबत तुम्ही पण. २०१९ मध्ये कायद्याचीच दुरुस्ती झाली तेव्हा याची शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेऊन ठेवलीय. बिचारा लेथवाला, त्याला यातलं काही माहीतही नसणार.

आता दुखणं काय ते. घोडा आणि चाप दोन्ही एकदम गेलेत म्हणताय ना, मग मेन स्प्रिंग गेलीय असं मला नव्वद टक्के वाटतं. वेब्लीत मुठीच्या आत इंग्रजी व्ही सारखी एकच चपटी कमान असते, तिचा एक पाय घोड्याला ताकद देतो आणि दुसरा पाय आतल्या एका लिव्हरवर दाब देऊन चाप जागेवर आणतो. एकाच बैलावर दोन कामं. म्हणून ती तुटली की दोन्ही एकदम लुळे पडतात. नुसता चाप अडकला असता आणि घोडा जोरात पडत असता तर मी म्हणालो असतो की जुनं ग्रीस आणि तेल घट्ट होऊन चिकटलंय, आधी साफ करून घ्या.

आमच्या चुलत्यांच्या वेब्लीचं सेम झालं होतं. कोकणातलं घर, पावसाळ्यात भिंतीला पण बुरशी येते, आणि रिव्हॉल्व्हर चामड्याच्या कव्हरात तशीच ठेवलेली (हे कधी करू नका, चामडं ओल धरून ठेवतं). कमानीच्या वाकात गंजाचा बारीक खड्डा पडला होता आणि बरोबर तिथूनच मोडली. मूठ काढल्यावर दोन तुकडे हातात आले, त्यातला छोटा तुकडा मी हुशारी करून टाकून दिला, म्हटलं आता नवीनच बसवायचीय. बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो तर म्हाताऱ्याचा पहिला प्रश्न, दुसरा तुकडा कुठाय? कारण पायाचा बाक किती, टोकाकडे जाडी कशी कमी होत गेलीय, घोड्याच्या कडीत अडकणारा आकडा केवढा, हे सगळं त्या तुकड्यात होतं. एका तुकड्यासाठी मला तीन खेपा जास्त पडल्या. तेव्हा मोडलेलं जे काही निघेल ते तेलाचं बोट फिरवून कागदात गुंडाळून ठेवा.

त्यांनी कमान केली ती मी समोर बसून बघितली. स्प्रिंग स्टीलची पट्टी, कानस कायम लांबीतच चालवत होते, आडवी एकदाही नाही. विचारलं तर म्हणाले आडवा ओरखडा राहिला की ती तिथनंच मोडणार. मग लाल करून तेलात बुडवली, म्हणजे विळ्याला देतात तसं पाणी दिलं, पण तेवढ्यावर ती काचेसारखी कडक असते, म्हणून परत तेलात माखून ते तेल तिच्यावरच पेटवून जाळलं, असं दोनदा. मग वाइसमध्ये हळूहळू दाबून रात्रभर तशीच ठेवली, सकाळी सोडली तर जशी होती तशी उघडली. लेथवर हे होत नाही हो, आणि तुटलेली कमान वेल्डिंग करून तर अजिबात नाही, वेल्डिंगच्या उष्णतेने तिचं पाणीच उतरतं.

कानपूरच्या सरकारी फॅक्टरीच्या .३२ रिव्हॉल्व्हरची कमान टाकू का विचारलंय. ती रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच डिझाइनवरून आलीय हे खरं, पार्ट दिसायला भाऊ-भाऊ वाटतात. पण जुन्या वेब्लीत एकेक पार्ट हाताने कानसून बसवलेला असायचा, एका वेब्लीचा दुसऱ्या वेब्लीला सुद्धा सरळ बसेल याची खात्री नाही. मिळालीच तर दुरुस्तीवाल्या मिस्त्रींना दाखवा, बसवायचं तेच बघतील.

आणि एवीतेवी उघडतायत तर सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं चाक) पण बघून घ्यायला सांगा. रिकामी आहे हे स्वतः दोनदा बघून घोडा अगदी सावकाश मागं ओढायचा, घोडा पूर्ण मागं जाऊन अडकायच्या आत सिलिंडर जागेवर लॉक झाला पाहिजे, सहाच्या सहा खान्यांवर. नाही झाला तर गोळी नळीच्या तोंडाला घासून जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. आधीची वापरलेली पुंगळी असेल (बुडावर केएफ असेल तर ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची) तर तिच्या टोपीवरचा (बुडाच्या मधल्या प्राइमरवरचा) ठसा बघा, मधोमध आणि खोल असेल तर ठीक, कडेला असेल तर लॉकची झीज आहे आणि मग नुसती कमान बदलून भागणार नाही.

स्वतः फार तर बाहेरून पुसा आणि तेल लावा. मुठीचा एकच स्क्रू दिसतो म्हणून हात शिवशिवतील, पण घरातल्या पेचकसाने खाच फाटते.

बंदुकीच्या दुकानात फोन करून दुरुस्ती त्यांच्या लायसन्सात आहे का ते आधी विचारा. रिव्हॉल्व्हर वडिलांनीच न्यायची, ओरिजिनल लायसन्स सोबत, आणि ठेवून येताना नंबर घातलेली पावती घ्यायची. आणि हो, तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या फोटोत फ्रेमवरचा नंबर स्वच्छ वाचता येतोय, तो फोटो आधी पोस्टमधून काढून टाका.