मुलांचा संधिवात: वाचकांचे प्रश्न

माझी मुलगी चार वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून उजवा गुडघा सुजलेला आहे. सकाळी उठली की लंगडते, दुपारपर्यंत मोकळी होते. आरए फॅक्टर निगेटिव्ह, एएसओ थोडा वाढलेला. ‘संधिवात नाही’ म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. घ्यावं का?
– एक आई, चोपडा

इंजेक्शन सुरू करण्याआधी मुलीला बालसंधिवात तज्ज्ञांना दाखवा. सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेली, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सांध्याची सूज आणि तिला दुसरं कारण सापडत नाही, याला बालसंधिवात म्हणतात. हे निदान मुख्यतः सांधा हाताने तपासून होतं. आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्ततपासणी बहुतेक मुलांत निगेटिव्हच येते, त्यामुळे त्यावरून ‘नाही’ म्हणता येत नाही. एएसओ वाढला याचा अर्थ घशाला स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेला, इतकाच. दर 21 दिवसांचं पेनिसिलिन ऱ्हुमॅटिक फीवरसाठी (अशा घशाच्या संसर्गानंतर सांधे आणि हृदयाला होणारा आजार) देतात. त्यात सूज फिरती असते, आज गुडघा, चार दिवसांनी घोटा. ती दोन महिने एका गुडघ्यात मुक्काम करत नाही.

मात्र एकच सांधा सुजला असेल तर आपल्याकडे क्षयरोग वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यासाठी मांटू (क्षयरोगाची कातडीवरची चाचणी), छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास सांध्यातलं पाणी तपासतात. रात्री झोपेतून उठवणारं हाडांचं दुखणं, उतरलेलं हिमोग्लोबिन किंवा घटलेल्या प्लेटलेट असतील तर ब्लड कॅन्सरही आधी तपासावा लागतो. ‘देऊन तर बघू’ म्हणून पोटातून स्टेरॉइड देऊ नये, त्याने हे निदान झाकलं जातं.

बालसंधिवात ठरला तर एका गुडघ्यासाठी सगळ्यात सरस उपाय म्हणजे सांध्यातच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन. एवढ्या लहान मुलाला थोडा वेळ झोपवून ते देतात. त्याचा हेक्सासेटोनाइड हा प्रकार मिळाला तर उत्तम, कारण त्याचा परिणाम ॲसेटोनाइड या दुसऱ्या प्रकारापेक्षा जास्त टिकतो. औषध सांध्याबाहेर झिरपलं तर कातडीवर पांढुरका खळगा पडू शकतो. तरी इंजेक्शन टाळू नका. सुजलेल्या गुडघ्याला रक्तपुरवठा वाढतो, तो पाय जास्त वाढतो आणि काही काळाने दोन्ही पायांची लांबी वेगळी दिसू लागते.

आणि डोळे. या आजारात काही मुलांच्या डोळ्याच्या आत सूज येते, पण डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. कळतं तेव्हा कधी कधी मोतीबिंदू झालेला असतो. आजार सात वर्षांच्या आत सुरू झाला आणि एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल, तर पहिली चार वर्षं दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या आत पाहायचं नेत्रतज्ज्ञांचं यंत्र) तपासणी हवी. टॉर्च मारून पाहिलेलं चालत नाही. मेथोट्रेक्सेट या आजार दाबणाऱ्या औषधाने ही सूज आटोक्यात येत नसेल तर ॲडॅलिमुमॅब या इंजेक्शनची जोड देतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत अशी जोड दिलेल्या मुलांपैकी 27 टक्क्यांत उपचार फसले, नुसत्या मेथोट्रेक्सेटवर असलेल्यांत 60 टक्क्यांत.

मुलगा नऊ वर्षांचा, 22 किलो. चार महिने मेथोट्रेक्सेट चालू आहे. सूज पूर्ण गेली. हे कॅन्सरचं औषध आहे असं मेडिकलवाल्याने सांगितलं. आता बंद करू का?
– एक वडील, पाचोरा

नका करू. सूज गेली ती औषधामुळे, आणि चार महिन्यांत आजार आतून विझत नाही. ब्लड कॅन्सरमध्ये हेच औषध काही वेळा ग्रॅममध्ये देतात, तुमच्या मुलाला मिलिग्रॅममध्ये. दोन्हींची तुलना होत नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या मुलांवरच्या चाचणीत अंगाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला आठवड्यातून 10 मिलिग्रॅम घेणाऱ्या 63 टक्के मुलांत सुधारणा दिसली, खोट्या गोळीवर 36 टक्क्यांत. आजचा नेहमीचा डोस आठवड्याला दर चौरस मीटरमागे 10 ते 15 मिलिग्रॅम आहे. 22 किलोच्या मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग साधारण 0.85 चौरस मीटर धरा, म्हणजे आठवड्याला 8.5 ते 13 मिलिग्रॅमच्या आसपास.

आठवड्यातून एकदा. सगळ्यात भयंकर चूक इथेच होते: चिठ्ठी नीट वाचली गेली नाही आणि गोळी रोज दिली गेली, तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, जीव जाऊ शकतो. एक वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. गोळ्या 2.5, 5, 7.5, 10 मिलिग्रॅमच्या मिळतात. नवीन पत्ता आणला की आकडा वाचल्याशिवाय फोडू नका.

शनिवारी रात्री जेवणानंतर दिली तर रविवारी मळमळ झाली तरी शाळा बुडत नाही. फॉलिक ॲसिड (मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करणारं जीवनसत्त्व) तो वार सोडून इतर दिवशी द्या. काही मुलांना नुसती पिवळी गोळी बघूनच उलटी येते. रागावू नका, डॉक्टरांना सांगून कातडीखालच्या इंजेक्शनवर जा. सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिन (किडनी) सुरुवातीला महिन्याभरात, पुढे दर तीन महिन्यांनी तपासतात. ताप, तोंडात फोड किंवा घरात कांजिण्या असतील तर पुढचा डोस विचारूनच द्या. गावातल्या डॉक्टरांनी जुलाबासाठी सेप्ट्रान हे अँटिबायोटिक लिहिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आवर्जून सांगा, ही दोन्ही एकत्र घेऊ नयेत.

बंद कधी करायचं? आजार पूर्ण शांत झाल्यावर सहा महिन्यांनी की बारा, हे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाहिलं होतं. दोन्ही गटांत दोन वर्षांत निम्म्याहून जास्त मुलांचा आजार उलटला. म्हणून बंद केल्यानंतरही तपासणी सोडू नका.

मुलगी सातवीत आहे. आंबट, वांगी, केळी बंद करायला सांगतात.
– भुसावळ

काही बंद करू नका. भरीत, कळण्याची भाकरी, केळी, दही सगळं चालतं. स्टेरॉइड चालू असेल तर मीठ कमी ठेवा आणि दूध-दही वाढवा.

तेरा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात, एक गुडघा सुजतो. एचएलए-बी27 पॉझिटिव्ह. खेळू द्यावं का?
– शिरपूर

सूज असताना उड्या आणि लांब पळणं नको. उतरली की सगळे खेळ खेळू द्या. पोहणं आणि सायकल एरवीही चांगली. नेप्रोक्सेन ही सूज-दुखण्याची गोळी दिवसाला किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन वेळा विभागून, जेवणावर. ऐन उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशी गोळी थांबवा, पाणी कमी पडल्याने किडनीवर ताण येतो. एचएलए-बी27 ही जनुकीय खूण असलेल्या संधिवाताच्या या प्रकारात मात्र डोळा अचानक लाल होऊन दुखू शकतो. तसं झालं तर त्याच दिवशी दाखवा.

मुंबईहून ॲडॅलिमुमॅब आणतो. जळगावच्या मे महिन्यात ते कसं टिकवायचं?
– जळगाव

औषध 2 ते 8 अंशांतच राहिलं पाहिजे. थर्मासची पेटी घ्या, जेल पॅक ठेवा, पण इंजेक्शनचं पेन पॅकला चिकटून ठेवू नका. मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी हवी. उष्णतेइतकंच गोठणंही वाईट. गोठलेलं पेन वितळलं तरी फेकूनच द्यायचं. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, बर्फाच्या कप्प्याखाली नको. वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. आत दीडदोनशे रुपयांचा थर्मामीटर ठेवला तर अंदाज बांधत बसावं लागत नाही. टोचण्याआधी पेन अर्धा तास सावलीत बाहेर ठेवा, आग कमी होते. गरम पाण्यात बुडवू नका, हलवू नका.

हे औषध सुरू करण्याआधी मांटू किंवा इग्रा (क्षयरोगाची रक्ततपासणी), छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या झालेल्या हव्यात. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी राहिल्या असतील तर शक्यतो आधी घ्या. औषध चालू असताना पल्स पोलिओचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ताप दोन आठवडे उतरला नाही किंवा वजन घटलं, तर पुढचं इंजेक्शन थांबवून क्षयरोगाची तपासणी करा.