धर्म सोडल्यावर त्यावर हसावं का?

तुम्ही लिहिलंय की देवावरचा विश्वास उडाल्यापासून तुम्ही घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धर्मावरचे विनोद टाकता आणि त्यामुळे आईने बोलणं सोडलंय. विनोद बंद करावेत का, हा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर विनोद सोडू नका, फॉरवर्ड सोडा.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढले. देव मानणं कॉलेजात असताना थांबलं. एकदम काही घडलं नाही, प्रश्न साठत गेले आणि जुनी उत्तरं पटेनाशी झाली. भीती मात्र तशीच राहिली. सत्यनारायणाचा प्रसाद न घेता उठायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा, कारण लहानपणापासून सत्यनारायणाच्या कथेतली कलावती मनात घर करून होती. नवऱ्याचं जहाज आलं म्हणून ती प्रसाद टाकून धावली आणि जहाज नवऱ्यासकट बुडालं. बुद्धीला पटत नव्हतं तरी हात आपोआप प्रसादाकडे जायचा. एका वर्षी पूजा आटोपल्यावर मी सगळ्यांसमोर विचारलं, "प्रसाद घेतला नाही हिने, मग बुडवलं त्याला का?" आत्या खळखळून हसली. आई जरा गप्प राहिली आणि म्हणाली, "आणि जहाजावरच्या खलाशांचं काय गं? त्यांना तर प्रसाद कुणी विचारलाही नव्हता." इतक्या वर्षांचे वाद जे करू शकले नाहीत ते आईच्या त्या एका वाक्याने झालं, माझी भीती गेली. आई पूजा अजून करते. शिरा मी मागून घेते.

असं हसणं आपल्याकडे फार जुनं आहे. देव-परलोक न मानणारे प्राचीन चार्वाकमतवाले विचारायचे, श्राद्धाचं अन्न मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची? स्वर्गात पोचतं म्हणता, मग माडीवर बसलेल्याला खालून का पोचत नाही? या मताचे मूळ ग्रंथ उरलेले नाहीत. हे प्रश्न आपल्याला मिळतात ते 14व्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त, म्हणजे विरोधी मताच्या माणसाने लिहून ठेवले म्हणून. समोरच्यालाही नोंदवावासा वाटावा, असा विनोद मला हवा आहे. त्यात शिवी नाही, प्रश्न आहे.

आणि अर्थ विचारणं म्हणजे अपमान, हे तर बडोद्याच्या माणसाने मानूच नये. सयाजीरावांनी 1915 मध्ये पुरोहितांसाठी कायदाच केला होता: परीक्षा द्या, परवाना घ्या, विधीचा अर्थ यजमानाला समजावून सांगा. ते स्वतः नास्तिक नव्हते.

फॉरवर्डचं तसं नसतं. तो कुणाला उद्देशून आहे हेच त्याला माहीत नसतं, त्यामुळे आईला वाटतं की तिच्या उपासावर, तिच्या आजारपणातल्या नवसावर तुम्ही हसताय. तिला उत्तर देता येत नाही, म्हणून ती गप्प होते. तेच तिच्यासमोर बसून विचारलंत तर ती भांडेल, कदाचित तुमच्यापेक्षा चांगलं बोलेल.

एक गोष्ट मात्र मी खपवून घेत नाही. नास्तिकतेच्या नावाखाली मुसलमानांवरचे किंवा ख्रिश्चनांवरचे विनोद फिरवणारे लोक भेटतात, स्वतःच्या घरच्या देवघरापाशी त्यांचा विनोद थांबतो. दंगली पाहिलेल्या शहरात त्या हसण्याचा अर्थ वेगळा होतो. प्रत्येक धर्माला प्रश्न विचारायचा हक्क आहेच, पण आधी आपल्या घरातला विचारावा.

दुसरं, आपण धर्म सोडला तेव्हा आपलं काय गेलं याचाही विचार करा. आमच्या बडोद्याच्या कमाटीबागेत संकल्पभूमी हे डॉ. आंबेडकरांचं स्मारक आहे. 1917 मध्ये डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत आले आणि अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही हाकलल्यावर ते या बागेत येऊन बसले होते. पुढे 1956 मध्ये त्यांनी धर्म सोडला तो लाखो लोकांना बरोबर घेऊन. मी देव मानायचं थांबवलं, तरी माझ्या आडनावामुळे मला घर भाड्याने मिळतच राहिलं. म्हणून भोळ्या भाविकापेक्षा, आडनाव विचारून घर नाकारणाऱ्यावर विनोद करायला मला जास्त आवडतं. तसा एखादा सुचला तर ग्रुपवर खुशाल टाका, आईही वाचेल.